फाशीच्या छायेतील सोळा वर्षे

जून 2003 मध्ये महाराष्ट्रात घडलेल्या दरोडा, खून आणि बलात्काराच्या गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने त्यांपैकी तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. मात्र 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच सुनावली. त्यांतील एकजण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असल्याचे पुढे सिद्ध झाले, म्हणजे कायद्याने ज्याला फाशी देताच येत नाही असा मुलगाही फाशीच्या रांगेत होता.

कैद्यांनी फेरविचार याचिका, म्हणजे स्वतःच्याच निकालाकडे न्यायालयाने पुन्हा पाहावे अशी विनंती, लावून धरली आणि 5 मार्च 2019 रोजी ‘अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालाने सर्वजण निर्दोष सुटले. हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने पोलिसांकडील छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते, परंतु त्या चौघांचा तपास झालाच नाही, ही बाब सर्वात अस्वस्थ करणारी आहे, कारण हा पुरावा प्रारंभापासून कागदपत्रांत होता. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला; तरुणपणाची सोळा वर्षे त्यातून परत येणे शक्य नव्हते. 2009 च्या निकालाप्रमाणे फाशी अमलात आली असती, तर ही चूक दुरुस्त करण्यासाठी कोणीच उरले नसते.