आधी उतरू द्या

भाईंदर स्टेशनच्या पुलाचा जिना. अर्ध्यावर एक आजोबा कठड्याला हात टेकून, पुढे वाकून उभे आहेत. ओठांचा चंबू शीळ घालावी तसा, पण शीळ वाजत नाही. त्या चंबूत केवढं विज्ञान चाललंय, याचा पत्ता बाजूने धावणाऱ्या गर्दीला नसतो.

दम लागला की वाटतं, हवा कमी पडतेय. सीओपीडी या फुप्फुसाच्या जुनाट आजारात मात्र छाती हवेने गच्च भरलेली असते. अगदी विरार लोकलसारखी! उतरणारेच दारापर्यंत पोचत नाहीत, तर चढणारा चढणार कुठे?

मिनिटाला १५ श्वास, म्हणजे एका श्वासाला ४ सेकंद. जिना चढताना श्वास ३० झाले की उरतात २. अरुंद झालेल्या नळ्यांतून शिळी हवा निघण्याआधीच ताजी आत घुसते. पायरीगणिक छाती फुगत जाते, आणि श्वास ओढणारा पडदा चपटा होऊन दुबळा पडतो.

मग जोरात श्वास सोडावा? गंमत इथेच आहे. निरोगी फुप्फुसात वायुकोशांच्या लवचीक भिंती बारीक नळ्यांना चहूबाजूंनी ताणून उघड्या ठेवतात. एम्फिसीमा या सीओपीडीच्याच एका प्रकारात हे ताणेच तुटतात. जोर केला की छातीतला दाब त्या नळ्यांनाच चिमटतो. जितका जोर, तितकी कोंडी.

चंबू उलटा डाव टाकतो. ओठांशी वाट अडली की दाब मागे नळ्यांत टिकतो आणि त्या मिटत नाहीत. दार अरुंद केलं, म्हणून डबा रिकामा होतो!

फिजिओथेरपिस्ट शिकवतात ते असं: उभं राहून नाकाने श्वास घ्या, चहावर फुंकर घालावी तसा हळूच सोडत एक-दोन पायऱ्या चढा, पुन्हा थांबा. पिशवी उचलतानाही श्वास सोडतच उचला. सोडायला घेण्याच्या साधारण दुप्पट वेळ द्या.

ही युक्ती म्हणजे इनहेलरला पर्याय नव्हे. फुप्फुसच ताठर करणाऱ्या फायब्रोसिसमध्ये तर अडचण हवा आत घेण्याची असते. तिथे हा चंबू कामी येईलच असं नाही. तेव्हा आधी डॉक्टरांना विचारायचं.

पण नवल असं, की कितीतरी रुग्ण कुणी न शिकवताच ओठांचा चंबू करतात. फलाटावर आपण रोज ओरडतो ते त्यांच्या शरीराला आपसूक उमगलेलं असतं: आधी उतरू द्या.