मालमत्ता व्यवस्थापक (महाराष्ट्र)

मालमत्ता व्यवस्थापक म्हणजे मालक परगावी, परराज्यात वा परदेशात असताना त्याच्या वतीने घर किंवा गाळा भाड्याने देणारी, भाडे वसूल करणारी, देखभाल पाहणारी आणि हिशेब देणारी व्यक्ती वा संस्था होय.

== पार्श्वभूमी ==
मराठेशाहीत गैरहजर वतनदाराचे काम मुतालिक किंवा गुमास्ता पाहत असे. पुढे सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातून अनेक जण माथाडी व गिरणी कामगार म्हणून मुंबईस गेले. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील हेही याच तालुक्यातील. सांगली जिल्ह्यातील विटा परिसरातील गलाई व्यावसायिक, म्हणजे सोने-चांदी शुद्ध करणारे कारागीर, तमिळनाडू, केरळ आदी राज्यांत स्थिरावले. अशा कुटुंबांच्या गावाकडील घरांची देखरेख बहुधा भाऊबंद किंवा शेजारी करतात. हा व्यवहार विश्वासावर चालतो. परंतु लेखी कागद नसल्यास वादप्रसंगी मालकाची बाजू दुबळी पडते.

== कायदेशीर स्वरूप ==
मालक व व्यवस्थापक यांचे नाते भारतीय करार अधिनियम, 1872 मधील 'अभिकरण' या प्रकरणाखाली येते. व्यवस्थापकाने मालकाच्या सूचनांनुसार वागणे, मागणी होताच हिशेब देणे आणि वसूल रक्कम मालकास चुकती करणे बंधनकारक असते. महारेराकडील एजंटांची नोंदणी ही नोंदणीकृत प्रकल्पांतील खरेदी-विक्रीसाठी असते. ती भाडे-व्यवस्थापनाच्या पात्रतेचा दाखला नव्हे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. तसा करार नसल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. निवासी जागेचा लायसन्स करार संपल्यावर जागा न सोडणाऱ्याविरुद्ध कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. ही नोंदणी आधार पडताळणीद्वारे ऑनलाइनही होते. म्हणून केवळ सहीसाठी दुसऱ्यास अधिकार देण्याची गरज अनेकदा उरत नाही.

== निवडीचे निकष ==
* तो मालमत्तेजवळ राहणारा असावा व गळती, वीजबिल, घरपट्टी यांकडे वेळेवर लक्ष देऊ शकावा.
* त्याच्याकडे आधी काम सोपविलेल्या मालकांकडे प्रत्यक्ष चौकशी करावी.
* मोबदला, दुरुस्तीखर्चाची मर्यादा व हिशेबाचा कालावधी लेखी ठरवावा.
* भाडे थेट मालकाच्या बँक खात्यात जमा व्हावे व मोबदला स्वतंत्रपणे द्यावा.
* नातेवाईक असला तरी हेच नियम लावावेत. त्यामुळे नातेही जपले जाते.

== कुलमुखत्यारपत्र ==
सर्वाधिकार देणाऱ्या कुलमुखत्यारपत्रापेक्षा ठरावीक कामांपुरते विशेष मुखत्यारपत्र अधिक सुरक्षित असते. विक्री, गहाण व बक्षीस यांचे अधिकार त्यातून स्पष्टपणे वगळावेत. केवळ मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात 2011 मध्ये स्पष्ट केले. परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावे लागते. सर्वसाधारणपणे मालकाच्या मृत्यूने हा अधिकार संपतो. तो हयातीत रद्द केल्यास भाडेकरू व बँक यांना तत्काळ कळवावे. कारण त्यांच्यापुरते रद्दीकरण त्यांना माहीत झाल्यापासूनच लागू होते.

== शेतजमीन ==
शेतजमिनीस घरभाड्याचे नियम लागू नाहीत. पश्चिम महाराष्ट्रात 1948 चा कुळकायदा लागू असून, त्यानुसार 1 एप्रिल 1957 या कृषकदिनी बहुसंख्य कुळे जमिनीची मालक मानली गेली. आजही दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारी व्यक्ती कुळ ठरू शकते. मालकाच्या कुटुंबातील व्यक्ती व मजुरीवरील गडी यांस अपवाद आहेत. त्यामुळे जमीन दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी कायदेशीर सल्ला घेणे आणि सातबारा उताऱ्यावरील कुळाची व पीक पाहणीची नोंद दरवर्षी तपासणे इष्ट ठरते. उतारा ऑनलाइन उपलब्ध असल्याने ही तपासणी मालकास कोठूनही करता येते.