घरच्या सुतारकामाची धूळ : पाइप कोणता घ्यावा?

येडशीसारख्या महामार्गालगतच्या गावात सुतारकामाचा कारखाना म्हणजे बहुतेक वेळा घराचीच पडवी किंवा दारापुढचे पत्र्याचे शेड. रंधा मशीन चालते तिथून दहा फुटांवर स्वयंपाक, त्याच्यापलीकडे बाळाचा पाळणा. म्हणजे धूळ एकट्या कारागिराच्या नाकात जात नाही, सगळे घर ती घेते.

जाड भुसा खाली पडतो, झाडून निघतो. पॉलिश पेपरची पिठासारखी धूळ मात्र तासन्‌तास तरंगते, नाकात बसते, फुप्फुसापर्यंत जाते. तिने दमा होतो. सागवानाच्या धुळीने काहींच्या अंगाला खाज सुटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातली. धोका मुख्यतः नाक आणि नाकालगतच्या पोकळ्यांना. तोंडाला रुमाल बांधून ही बारीक धूळ अडत नाही.

१९४८ च्या कारखाना कायद्यातील कलम १४ सांगत होते की धूळ ओढणारे यंत्र धूळ निघते त्या जागेच्या शक्य तितके जवळ लावावे. घरात दोघे-तिघे काम करतात तिथे असा कायदा पोचत नाही, पण त्यातले शहाणपण आपण घेऊ शकतो. आता बरेच जण धूळ ओढणारा ब्लोअर आणतात, आणि घोटाळा होतो तो पाइपात.

आधी आपले यंत्र ओळखा. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर जोरात ओढतो, पण हवा थोडी. त्याला बारीक नळीच हवी. हातातल्या सँडरला तो पुरतो. पिशवीचा मोठा ब्लोअर हवा भरपूर ओढतो, पण अरुंद नळीत त्याचा दम कोंडतो. त्याला ४ इंचांपेक्षा लहान पाइप लावू नये. मग ६ इंची घ्यावा का? लाकडाचा भुसा वाहून न्यायला पाइपातली हवा सेकंदाला साधारण २० मीटर वेगाने धावावी लागते. तेवढीच हवा ४ ऐवजी ६ इंचांतून सोडली तर वेग निम्म्याहूनही खाली येतो आणि भुसा वाटेतच बसतो. छोट्या मोटारीला मोठा पाइप म्हणजे पैसे देऊन तुंबा विकत घेणे.

पाइपाचा माल तीन प्रकारचा मिळतो. पत्र्याचा गोल पाइप सगळ्यांत चांगला, टिकाऊ; पण महाग, आणि फार पातळ पत्रा ओढीने चेपतो. सांडपाण्याचा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, आतून गुळगुळीत असतो. आमच्या मते बहुतेक घरांना तोच परवडेल. शेतातला जुना पीव्हीसी पाइपही चालतो, मात्र त्यातून खत-औषध गेले असेल तर आधी नीट धुऊन वाळवा. तिसरी वळ्यावळ्यांची लवचिक नळी. ती लावायला सोपी, म्हणून लोक पंधरा-वीस फूट तीच ओढत नेतात. त्या वळ्यांत हवा घासते, ओढ मरते. मशीनजवळ शेवटचे दोन-तीन फूट ठेवा, पुरे.

काटकोनातला बेंड टाळा. त्याऐवजी ४५ अंशांचे दोन जोडा. फाटा काढायला ‘टी’ नको, ‘वाय’ घ्या आणि त्याची तिरकी फांदी हवेच्या दिशेने ठेवा. एखादा झाकणाचा ‘डोअर’ बेंड बसवला तर तुंबलेला भुसा काढता येतो. सांध्यांना टेप गुंडाळा. आत डोकावणारा लांब स्क्रू नको, त्यात छिलके अडकतात. प्रत्येक फाट्याला सरकती झडप ठेवा आणि चालू मशीनचीच उघडा.

पीव्हीसीला धूळ घासून वीज साठते, झटका बसतो. उघडी तांब्याची तार पाइपाभोवती गुंडाळून अर्थिंगला जोडली तर तो कमी होतो. खरी भीती आगीची आहे. लोखंड घासायचा ग्राइंडर या पाइपाला कधीही जोडू नका. एक ठिणगी पिशवीतल्या भुशापर्यंत गेली की घर पेटते.

आता पाइपाचे दुसरे टोक. वस्तीत भिंतीला भिंत असते. आपली धूळ शेजारच्या खिडकीत सोडणे हा काही उपाय नव्हे. तोंड छपराच्या वर, खिडक्यांपासून दूर न्या, आणि त्याआधी भुसा पडायला झाकणाचा ड्रम ठेवा. ब्लोअर घरातली हवा बाहेर फेकतो तेव्हा समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर चुलीचा धूर घरात उलटा ओढला जातो. साधी कापडी पिशवी शेडमध्येच ठेवली असेल तर बारीक धूळ तिच्यातून परत बाहेर येते, हे लक्षात घ्या.

ड्रम रिकामा करताना आणि पॉलिश मारताना एन-९५ मास्क लावा. झाडण्याआधी पाणी शिंपडा. झाडू बहुतेक घरांत आया-बहिणींच्याच हातात असतो. प्लाय आणि एमडीएफचा भुसा चुलीत घालू नका, त्यातल्या गोंदाचा धूर विषारी असतो. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर तो धुळीचाच धरून बसू नका, सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. नाकाची एकच बाजू सतत बंद राहते किंवा रक्त येते, तेव्हाही डॉक्टरांना दाखवा आणि आपण लाकडाचे काम करतो हे सांगा.

पाइप बसवल्यावर एकदा पाहून घ्या : संध्याकाळी काम थांबवा, दिवे मालवा आणि मशीनवर टॉर्चचा झोत आडवा धरा. झोतात कण नाचताना दिसले तर ओढ कमी पडते आहे. आधी सांधे तपासा, मग लवचिक नळीची लांबी.