पाव इंच माया : चौकटी जुळवून गोधडी कशी शिवावी



या सत्रात कार्यानुभवाच्या तासाला आठवीचा वर्ग रंगीत सुती कापडाचे चौकोन जोडून एक मोठी गोधडी शिवणार आहे. वर्गात ४८ विद्यार्थी आहेत. प्रत्येकाने एक चौकट शिवायची. मुलींनी आणि मुलांनीही. काही पालकांनी विचारले की यात मुलांनी शिकण्यासारखे काय आहे? त्याचे उत्तर म्हणून हा लेख.

गोधडी आपल्याला नवी नाही. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरून त्यावर कपड्यांचे तुकडे ठेवायचे आणि कडेपासून आत धावदोरा घालत जायचे, ही आपली पद्धत. काही भागांत तिला वाकळ म्हणतात, इकडे माळव्यात शेजारी गुदडी म्हणतात. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया अशीच ‘कवंदी’ शिवतात. त्या कोपऱ्यापासून सुरुवात करून मध्याकडे येतात आणि चार कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाच्या ‘फुला’ लावतात. या सर्व प्रकारांत तुकड्यांखाली अखंड कापडाचा आधार असतो. तुकडा थोडा लहान-मोठा झाला तरी शेजारच्या तुकड्यावर चढवता येतो.

चौकटीच्या गोधडीत हा आधार नसतो. वरचा थर केवळ तुकड्यांचाच बनतो. तुकड्याला तुकडा धरून असतो, म्हणून एकाची चूक दुसऱ्याला सोसावी लागते. अचूकपणाची गरज येथेच उत्पन्न होते.

आपण सर्वांत सोपी, नऊ घरांची चौकट घेतली आहे. पाच घरे गडद रंगाची, चार फिक्या रंगाची. गडद घरे चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी, फिकी त्यांच्या मधोमध. शिवून झाल्यावर प्रत्येक घर ३ इंचांचे दिसले पाहिजे. परंतु कापायचे मात्र साडेतीन इंचांचे, कारण चारही बाजूंना शिवणीपलीकडे पाव इंच कापड सोडावे लागते. या सोडलेल्या कापडाला शिवणकामात ‘माया’ म्हणतात. किती सुंदर शब्द आहे पाहा! जे दिसत नाही, पण ज्याच्यामुळे सर्व जोडलेले राहते, ती माया.

आता हिशेब करू. साडेतीन इंचांचे तीन तुकडे म्हणजे साडेदहा इंच. दोन शिवणींत प्रत्येकी अर्धा इंच जातो, उरतात साडेनऊ इंच. चौकट शेजारच्या चौकटीला जोडली की बाहेरची मायाही आत जाते आणि ९ इंच शिल्लक राहतात. रुंदीत ६ आणि लांबीत ८ चौकटी, म्हणजे ५४ इंच गुणिले ७२ इंच. साडेचार फूट रुंद आणि सहा फूट लांब गोधडी.

समजा कोणी माया पाव इंचाऐवजी इंचाचा सोळावा भाग जास्त धरली. सुताराच्या भाषेत अर्धा सूत. शिवणीत दोन्ही तुकड्यांची माया जाते, म्हणून प्रत्येक शिवणीत एक सूत कमी होते. रुंदीत १८ घरे, म्हणजे १७ शिवणी, म्हणजे १७ सूत. आठ सुतांचा एक इंच धरला तर पूर्ण गोधडी २ इंच १ सुताने आखूड! सर्वांनी सारखीच चूक केली तर गोधडी केवळ लहान होईल. पण ४८ हातांनी ४८ प्रकारची माया धरली तर एकही कोपरा जुळणार नाही.

म्हणून काही नियम लक्षात ठेवावेत.

पहिला, कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. सुती कापड पाण्यात आटते आणि काही गडद रंग सुटतात. हे नंतर झाले तर सर्व श्रम वाया जातात.

दुसरा, चौकोन उभ्या-आडव्या धाग्याला धरूनच कापावा. तिरपा, म्हणजे उरेब कापलेला तुकडा हातात ताणला जातो आणि त्याचे माप बदलते.

तिसरा, एक पुठ्ठ्याचा साडेतीन इंची चौकोन बनवून सर्व तुकडे त्यावरूनच आखावेत. कापलेल्या तुकड्यावरून पुढचा तुकडा आखला की चूक वाढत जाते. खडूचे टोक बारीक असावे.

चौथा, उलट बाजूला पाव इंचावर रेघ ओढून तिच्यावरच धावदोरा घालावा. टाके लहान असावेत आणि अधूनमधून एक उलटी टीप घालावी. पहिले तीन तुकडे जोडले की थांबून मोजावे. मधले घर बरोबर ३ इंच भरले तरच पुढे जावे.

पाचवा, प्रत्येक ओळीची माया गडद कापडाकडे दाबून इस्त्री करावी. इस्त्री घासू नये, उचलून ठेवावी. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत माया बाहेरच्या बाजूला जाईल, मधल्या ओळीत आत येईल. त्यामुळे ओळी जोडताना शिवणी एकमेकींत बसतात आणि चार कोपरे एका बिंदूवर येतात.

गणिताच्या तासाकरिता एक प्रश्न : ४८ चौकटींना गडद तुकडे २४० लागतील. ३६ इंच पन्ह्याच्या कापडात एका ओळीत १० तुकडे बसतात. मग कापड किती लांब हवे? उत्तर ८४ इंच, म्हणजे सात फूट. फिक्या १९२ तुकड्यांचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करावा.

पालकांना विनंती की नवे कापड विकत घेऊ नये. घरातील जुन्या सुती साड्या, परकर, सदरे धुऊन पाठवावेत. आणि घरी आजी असतील तर मुलांनी त्यांच्याजवळ बसून पहिला धावदोरा शिकावा. धावदोरा, टीप, उरेब, पन्हा, माया हे शब्द आमच्या अनेक विद्यार्थ्यांच्या कानांवर आता पडत नाहीत. शाळेबाहेर हिंदी, पुस्तकांत इंग्रजी, अशा गावात मराठी शब्द हाताच्या कामाबरोबरच टिकतात. काम गेले की शब्दही जातो.

विश्वस्त मंडळाने याकरिता आठवड्याला दोन तास मंजूर केले आहेत, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. ज्याची चौकट साडेनऊ इंच भरणार नाही, त्याने ती उसवून पुन्हा शिवावी. त्यात लाज नाही. शेजारच्या चौकटीची गैरसोय होऊ नये, एवढेच आपण पाहायचे.