गाणं कुणाचं, गळा कुणाचा!

फुटबॉलमधलं मला काही म्हणजे काही कळत नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं. आमच्या चिरंजीवांना मात्र त्याचं भारी वेड. शनिवारी रात्री जेवणं उरकली की स्वारी टीव्हीसमोर ठाण मांडून बसते. एकदा मी ओटा आवरून झोपायला निघाले, तर म्हणाला, "आई, दोन मिनिटं थांब ना. मॅच नको बघूस, नुसतं गाणं ऐक."

इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचं अ‍ॅनफिल्ड मैदान. म्हातारे, पोरंटोरं, बायका, हजारो माणसं लाल मफलर दोन्ही हातांनी डोक्यावर धरून एका सुरात गात होती. शब्द अर्धेच कळले. पण वारीतली दिंडी जवळून जाताना अंगावर काटा येतो ना, अगदी तसं झालं.

"हे यांच्या क्लबचं गाणं का रे?"

"नाही गं, नाटकातलं आहे!"

मग मी त्या गाण्याच्या मागेच लागले. 'यू विल नेव्हर वॉक अलोन', म्हणजे 'तू कधीच एकटा चालणार नाहीस'. १९४५ साली न्यूयॉर्कमध्ये 'कॅरोसेल' हे संगीत नाटक आलं. संगीत रिचर्ड रॉजर्स यांचं, शब्द ऑस्कर हॅमरस्टाइन यांचे. नाटकात नायिकेचा नवरा मरतो, ती गर्भार असते. तिला धीर द्यायला तिची बहीण लागणारी एक बाई हे गाणं म्हणते. म्हणजे मुळात एका बाईने दुसरीला दिलेला धीरच की हा! १९६३ मध्ये लिव्हरपूलच्या 'जेरी अँड द पेसमेकर्स' या बँडने ते नव्याने गायलं. मैदानावरच्या प्रेक्षकांनी ते उचललं, ते कायमचंच.

या गाण्याची खरी परीक्षा झाली १५ एप्रिल १९८९ ला. शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचा सामना होता. जाळीच्या कुंपणाआड उभं राहून सामना बघायच्या जागेत बेसुमार गर्दी लोटली आणि चेंगराचेंगरी झाली. त्यात एकूण ९७ जीव गेले. त्यातला शेवटचा माणूस ३२ वर्षं दुखणं सोसून २०२१ मध्ये गेला. सगळ्यात लहान मुलगा होता अवघा १० वर्षांचा.

त्यानंतर चारच दिवसांनी इटलीत एसी मिलान आणि रिआल माद्रिदचा सामना होता. लिव्हरपूलचा त्यात काही संबंध नव्हता. पण खेळ मध्येच थांबवून श्रद्धांजली वाहिली गेली, तेव्हा मिलानच्या प्रेक्षकांनी हेच इंग्रजी गाणं म्हटलं. दुसऱ्याच्या दुःखात त्याच्याच गाण्याने सामील व्हायचं, हे त्यांना कुणी शिकवलं असेल?

इकडे मयतांच्या घरच्यांच्या कपाळी वेगळंच लिहिलेलं होतं. प्रेक्षकच दारू पिऊन आले होते, असा ठपका ठेवला गेला. अ‍ॅन विल्यम्स या आईचा केव्हिन १५ वर्षांचा होता. सव्वातीननंतर कुणी वाचण्यासारखं नव्हतंच, असं चौकशीत सांगितलं गेलं. ही बाई एकेक साक्षीदार शोधत गेली आणि आपला मुलगा त्यानंतरही जिवंत होता, हे वर्षानुवर्षं सांगत राहिली. डिसेंबर २०१२ मध्ये जुना निकाल रद्द झाला. एप्रिल २०१३ मध्ये ती कॅन्सरने गेली. नवा निकाल लागला २६ एप्रिल २०१६ ला. प्रेक्षकांचा काहीही दोष नव्हता, असं ज्युरीने स्पष्ट सांगितलं. त्या दिवशी कोर्टाबाहेर आईबापांनी, भावंडांनी हातात हात घेऊन तेच गाणं म्हटलं. २७ वर्षांनी!

त्याच महिन्यात, १४ एप्रिलला, जर्मनीचा बोरुसिया डॉर्टमुंड क्लब अ‍ॅनफिल्डवर खेळायला आला होता. त्यांचे चाहतेही हेच गाणं म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात ही दोन्ही शहरं बॉम्बवर्षावात होरपळलेली. त्यांची नातवंडं आता एकाच मैदानावर, एकाच सुरात गात होती.

आणि हे फक्त इंग्रजी गाण्याचंच नाही बरं का. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसवर दहशतवादी हल्ला झाला. चारच दिवसांनी लंडनच्या वेम्बलीवर इंग्लंड-फ्रान्स सामना होता. फ्रान्सच्या राष्ट्रगीताचे शब्द मोठ्या पडद्यावर दाखवले आणि इंग्रज प्रेक्षकांनी ते वाचत, अडखळत फ्रेंचमध्ये म्हटलं.

हे सगळं समजल्यावर माझं मलाच खजील व्हायला झालं. मी ज्या वस्तीत बचत गटाचं काम करते, तिथे एका तेलुगू बाईचा तरणा मुलगा गेला. आम्ही चौघीजणी भेटायला गेलो. तिला मराठी जेमतेम, आम्हाला तेलुगू शून्य. काय बोलावं सुचेना, म्हणून दहा मिनिटांत उठून आलो. भाषा येत नाही, हे किती सोपं कारण असतं नाही?

परवा मी पुन्हा गेले, एकटीच. चहा झाला. "तुझ्या मुलाला लहानपणी काय म्हणून निजवायचीस?" असं मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणायला लागली. शब्द एकही कळला नाही. पण दुसऱ्यांदा तीच ओळ आली, तेव्हा मी तिच्या मागून चुकतमाकत म्हटली.

माझा उच्चार ऐकून ती रडता रडता हसली. पुढच्या बुधवारी ये म्हणाली, उरलेलं शिकवते.