पट्टी कुठे संपते

जिप्सीची मागची बाजू लोखंडी घोड्यांवर चढवलेली आहे. चाकं काढलेली, उंच बाकड्यांच्या सीटा उतरवलेल्या, पेट्रोलची टाकी शेडच्या बाहेर पार लांब ठेवलेली. बालाघाट गावाबाहेर गोंदियाच्या रस्त्याला असलेल्या या शेडवर सकाळपासून पाऊस वाजतो आहे. सप्टेंबर संपत आला आहे. कान्हाचं जंगल 1 जुलैला पर्यटकांसाठी बंद होतं ते ऑक्टोबरच्या तोंडाशी उघडतं, आणि मुक्की गेटवर चालणाऱ्या सफारीच्या गाड्यांची मोठी कामं या तीन महिन्यांतच उरकावी लागतात. ही गाडी बैहरचा घाट उतरून आली आहे.

मिस्त्री चेसिसखाली उताणे पडले आहेत. हातात घासलेटाची चिंधी. डाव्या लाँग मेंबरचा, म्हणजे चेसिसच्या लांब तुळईचा, हातभर भाग त्यांनी आधीच ब्रश मारून चकचकीत केला आहे. त्यावर घासलेट फिरवतात, थोडं थांबतात, कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसून घेतात आणि मग शाळेतला पांढरा खडू आडवा धरून घासतात. सगळं पांढरं होतं. मला काहीच दिसत नाही.

"थांबा जी," ते म्हणतात, "तोच सांगते आता."

आणि सांगतो. पांढऱ्यावर केसाएवढी करडी रेघ उमटू लागते. तड्यात शिरलेलं घासलेट खडू शोषून घेतो. ब्रॅकेटच्या पुढच्या वेल्डिंगच्या कडेपासून निघून रेघ खालच्या अंगाने वर वळते आणि बोटभर जाऊन थांबते. बॅटरी लावून पाहिलं असतं तर ती तिथपर्यंत गेली आहे हे कळलंच नसतं. गाडीचा ड्रायव्हर, बैहरकडचा तरुण पोरगा, खाली वाकून पाहतो आणि तोंडातल्या तोंडात "बाप्पा" म्हणतो. गेला सगळा हंगाम मागून खट् खट् आवाज येत होता, तो बुश बदलत राहिला.

तडा नेमका इथे का पडतो, हे या गाडीची बांधणी पाहिली की समजतं. जिप्सीला पुढे-मागे चारही बाजूंना कमानपाटे आहेत. मागच्या पाट्याचं मागचं टोक शॅकलवर झुलतं, कारण पाटा दबला की लांबतो आणि त्याला सरकायला जागा लागते. पुढचं टोक मात्र चेसिसच्या ब्रॅकेटला पक्कं बांधलेलं. चाक गाडीला पुढे ढकलतं ते याच ब्रॅकेटमधून, ब्रेकचा झटका येतो तोही इथेच. त्यात सफारीच्या गाडीचं वजन मागे आणि उंच. सहा पर्यटक, गाइड, ड्रायव्हर. वाघ दिसला की सगळे एकदम एका अंगाला उभे राहतात. मुरमाच्या वाटेवर गाडी हळूच चालते, पण वाटेवर उमटलेल्या बारीक बारीक वळ्या रोज सकाळ-संध्याकाळ त्या एका जोडाला हलवत राहतात. लोखंड एका धक्क्याने तुटत नाही, अशा छोट्या छोट्या हेलकाव्यांनी थकतं.

नवीन गाडी का घेत नाही, असं मी विचारत नाही, पोरगाच सांगतो. जिप्सी 1985 मध्ये आली आणि 2019 च्या सुमारास सर्वसामान्य गिऱ्हाइकांसाठी बंद झाली. 2023 मध्ये आलेली जिम्नी भारी आहे, पण तिला पाट्यांऐवजी स्प्रिंगा आहेत, आणि किंमत त्याच्या आवाक्याबाहेरची आहे. मग हीच टिकवायची.

मिस्त्री तड्याच्या टोकापलीकडे पंचाची खूण करतात आणि ड्रिल लावतात. पाच-सहा मिलिमीटरचं भोक. तड्याचं टोक अणकुचीदार असतं, सगळा ताण तिथे एकवटतो. गोल भोकात तो पसरतो आणि तडा पुढे सरकायचा थांबतो. मग ग्राइंडरने तड्याची चीर मुळापर्यंत खोल खोदली जाते. वरून वेल्डिंगचा लेप दिला असता तर आतला तडा तसाच राहिला असता. असे लेप मी बऱ्याच गाड्यांवर पाहिले आहेत. रंग मारला की ते सुंदर दिसतात.

मिस्त्रींच्या हाताखालचा पोऱ्या तोवर पट्टी कापून आणतो. तीन मिलिमीटर जाडीची, चारही कोपरे गुणियात बसवलेली, नीट चौकोनी. कानस मारून कडाही गुळगुळीत केल्या आहेत. मिस्त्री ती हातात घेतात, उलटसुलट करतात आणि परत देतात.

"काम चांगलं हाये, पन ही इथं लावायची नाही."

"जाड पाहिजे का?"

"जाड नोको. टोक पाहिजे. जुन्या गोधडीले नवं ठिगळ लावलं त कुठं फाटते? ठिगळाच्या कडेले फाटते न."

मला ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. चेसिस थोडी पिळते, थोडी वाकते. पिळायलाच ती बनवलेली असते. तिच्या एका भागाला जाड पट्टी लावून तो भाग ताठ केला की वाकणं बंद होत नाही, पट्टी जिथे संपते तिथे जाऊन बसतं. चौकोनी पट्टीची उभी कड म्हणजे पुढच्या तड्यासाठी आखून दिलेली रेघच. म्हणून पोऱ्या आता दोन्ही टोकं लांब निमुळती कापतो, आणि ती टोकं लाँग मेंबरच्या बाजूच्या भिंतीवर बरोबर मध्यावर येतील अशी पट्टी धरली जाते. वाकताना सगळ्यात जास्त ताण वरच्या आणि खालच्या अंगाला येतो, मधोमध सगळ्यात कमी. खालच्या अंगावर आडवा वेल्ड मिस्त्री कुणालाही मारू देत नाहीत. पट्टीच्या मध्यात दोन भोकं पाडून तिथे प्लग वेल्ड, कडांना लांबीच्या दिशेने तुकड्या-तुकड्याने, आणि दोन्ही टोकांशी शेवटचा बोटभर भाग मोकळा.

मिस्त्री हे शिकले भरवेलीत, मॅंगनीजच्या खाणीवर कंत्राटदाराच्या वर्कशॉपमध्ये. भरवेलीची खाण आशियातली सर्वांत खोल भूमिगत मॅंगनीज खाण म्हणून ओळखली जाते. तिथल्या लोखंडाला कोणी लेप लावत नसे, असं ते म्हणतात. त्यांची मराठी गोंदिया-भंडाऱ्याकडची, मध्येच पोवारी, ड्रायव्हरशी हिंदी. 1956 मध्ये भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. वैनगंगेच्या अल्याडपल्याड नातीगोती मात्र तशीच आहेत. बुश आणि यू-बोल्ट आजही गोंदियाहूनच येतात.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची तार सुटते. इंजेक्शनची गाडी आहे, करंट कंप्युटरमध्ये शिरायला नको. ब्रेकची नळी बाजूला बांधली जाते. रॉड एका पत्र्याच्या डब्यातून निघतात, डब्यात विजेचा दिवा दिवसरात्र पेटता. पावसाळ्यात रॉडचं आवरण ओल धरतं आणि त्या ओलीने वेल्ड आतून तडकतो, म्हणून ही ऊब. मिस्त्री एक तुकडा मारतात, थांबतात, दुसऱ्या टोकाला जातात. घाई करून एकाच जागी तापवलं तर लाँग मेंबर ओढला जाईल. चिपिंग हातोडीने स्लॅग उडतो आणि खाली एकसारख्या लहरी दिसतात.

जुन्या ब्रॅकेटचं भोक झिजून अंडाकृती झालं होतं, तो कापून टाकला आहे. नवा पाच मिलिमीटरच्या प्लेटचा. पण तो लावायचा कुठे, यावर दुपारचा मोठा भाग जातो, आणि खरं कौशल्य मला इथेच दिसतं. मिस्त्री ओळंबा काढतात. चेसिसच्या कारखान्यातल्या मूळ भोकांमधून, उजव्या ब्रॅकेटच्या बोल्टमधून, पुढच्या दोन्ही पाट्यांच्या सेंटर बोल्टमधून ओळंबा फरशीवर सोडून खडूच्या फुल्या मारतात. मग पोऱ्या आणि ते टेप धरून दोन्ही कर्ण मोजतात. दोन मिलिमीटरचा फरक. नव्या ब्रॅकेटला हलकी ठोक. पुन्हा ओळंबा, पुन्हा टेप. जिप्सीच्या पुढच्या-मागच्या चाकांत 2375 मिलिमीटर अंतर असतं. ते डावीकडे आणि उजवीकडे सारखं आलं नाही तर गाडी तिरपी पळते, टायर एका अंगाने खाते आणि दोष स्टिअरिंगवर जातो. कर्ण जुळले तेव्हाच टॅक बसतात. रबरी बुश जळू नये म्हणून त्याच्या जागी लोखंडी नळी घालून बोल्ट आवळला आहे, म्हणजे तापल्यावर ब्रॅकेटचे कान जवळ येणार नाहीत.

"मिस्त्री, लगे हाथ दोन इंच उचलून देता का?" ड्रायव्हर विचारतो.

"नाही." इतकंच. उंची वाढवली की लोक अजून उंच, डोलणं अजून जास्त. शिवाय गाडीच्या मूळ बांधणीत फेरफार करायला कायद्याने बंदी आहे. दुरुस्ती वेगळी, बदल वेगळा.

उजव्या बाजूला तडा नाही, तरी तिथेही तशीच पट्टी लागते, दोन्ही अंगं सारखी वागावीत म्हणून. पाणी निथळायची भोकं तार घालून मोकळी केली जातात. लाँग मेंबर आतून पोकळ आहे, चिखल साचला तर गंज आतून खाईल. मग रेड ऑक्साइडचे दोन हात.

पाटे चढतात, पण बुशचे बोल्ट मिस्त्री हातानेच फिरवून सोडून देतात. चाकं लागतात, गाडी जमिनीवर येते, पोऱ्या आणि ड्रायव्हर मागच्या बंपरवर उभे राहून तिला चार झोके देतात. आत्ता कुठे पाना लागतो. गाडी अधांतरी असताना आवळलं असतं तर खाली येताच रबर पिळून राहिलं असतं आणि महिनाभरात फाटलं असतं.

शेवटी मिस्त्री पिवळ्या रंगाची बाटली आणि काडी घेऊन पुन्हा खाली जातात. प्रत्येक यू-बोल्टच्या नटावरून खालच्या प्लेटवर एक सरळ रेघ ओढतात. नट ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसेल.

"पयल्या हप्त्यात पाट्याचं रंग-गंज दबते, नट ढिले पडतातच. बुधवारी दुपारी सफारी बंद राहते न? खाली जाऊन पाहा. रेघ मोडली दिसली त आवळून घे, अन् खडूही घासून पाहा."

खिशातला उरलेला खडू ते ड्रायव्हरच्या हातावर ठेवतात. तो विचारतो, पट्टीच्या मध्यात घासू का?

"टोकाले," मिस्त्री म्हणतात. "दोन्ही टोकाले."