गाडी चढाला दम सोडते : डिझेलचा दाब नेमका कुठे कमी पडतो?



हंगाम सुरू झाला की वाहन विभागाकडे एक तक्रार हटकून येते. "पिकअप मोकळी असली तर नीट पळते, पण बेणं भरलं आणि चढ लागला की दम सोडते. मिस्त्री म्हणतो पंप गेला." पंप म्हटले की सभासदाच्या पोटात गोळा येतो, कारण खर्च उसाच्या एका हप्त्याला पुरून उरणारा असतो. आमचा अनुभव असा, की यातल्या पुष्कळ गाड्यांचा पंप शाबूत असतो. दोष निघतो तो फिल्टरात, नळीत, नाहीतर टाकीच्या झाकणात. तेव्हा खिशात हात घालण्यापूर्वी तपास कोणत्या क्रमाने करावा, ते येथे सांगत आहोत.

पहिली गोष्ट धूर पाहणे. गाडी ओढत नाही आणि मागून काळा धूर येतो, तर डिझेल कमी पडत नसून हवा कमी पडते आहे. एअर फिल्टर व टर्बोची रबरी नळी पाहा, पुढचे वाचण्याची गरज नाही. धूर नाही आणि ओढही नाही, तर डिझेल पुरत नाही असे समजावे. स्टार्टर मारून इंजिन चालू होत नाही आणि सायलेन्सरमधून जराही धूर निघत नाही, तर डिझेल नोझलपर्यंत पोचतच नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचते आहे, जळत नाही एवढेच.

आता डिझेलचा रस्ता. टाकीपासून फिल्टरमार्गे पंपापर्यंत कमी दाबाचा भाग आणि पंपापासून नोझलपर्यंत जास्त दाबाचा भाग. तपास नेहमी टाकीकडून सुरू करावा, कारण तिकडचे काम स्वस्त आणि बिनधोक असते. मिस्त्री मंडळी उलट्या बाजूने सुरुवात करतात, ते का हे सांगायला नको.

टाकीच्या झाकणाला बारीक श्वासाचे भोक असते. ते चिखलाने बुजले की टाकीतून डिझेल जाते पण आत हवा शिरत नाही. गाडी दहा-पंधरा किलोमीटर बरी चालते, मग मरते, थोडा वेळ उभी केली की पुन्हा चालू होते. अशा वेळी झाकण उघडून कान द्यावा. फुस्स असा आवाज होऊन हवा आत गेली आणि गाडी सुधारली, तर झाकण साफ करा, काम झाले.

मग फिल्टर. त्याच्या बुडाचा स्क्रू ढिला करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्या व तसेच ठेवा. डिझेल पाण्यापेक्षा हलके, त्यामुळे पाणी असेल तर ते तळाशी बसलेले स्पष्ट दिसते. पाणी येते कोठून? अर्धी रिकामी टाकी रात्रीच्या गारठ्यात आतून घामेजते आणि शेतावर उघड्यावर ठेवलेल्या बॅरलमध्ये तर सरळ पावसाचे पाणी उतरते. पंपाला वेगळे ऑईल नसते, डिझेल हेच त्याचे वंगण. म्हणून पाणी किंवा रॉकेल मिसळलेले 'स्वस्त' डिझेल पंपाला अक्षरशः खाते.

यापुढची खोड फार फसवी. बऱ्याच गाड्यांत पंप टाकीतले डिझेल ओढून घेतो, म्हणजे टाकी ते पंप या नळीत दाब नसून ओढ असते. विहिरीवरच्या इंजिनच्या फुटबॉल-पाइपात जसे, तसेच. सक्शनचा पाइप कोठे चिरला तर पाणी बाहेर सांडत नाही, हवा आत जाते आणि पंप पाणी सोडतो. गाडीतही तेच होते. नळी चिरली, क्लिप ढिली झाली किंवा बंजो बोल्टचा वायसर दबला तर खाली डिझेलचा एक थेंब पडणार नाही आणि तुम्ही म्हणाल गळती नाही. रात्रभर उभी गाडी सकाळी उशिरा चालू होते ती याचमुळे. खात्री करायची तर पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक नळी घालून इंजिन चालवावे. सलग बुडबुडे दिसले की हवा शिरते आहे. शंका उरली तर स्वच्छ डिझेलचा कॅन व नवी नळी घेऊन त्यावरच इंजिन चालवून पाहा. ते नीट चालले तर दोष टाकीकडच्या भागात आहे.

काही गाड्यांत टाकीतच विजेचा छोटा पंप असतो. चावी फिरवताच त्याची काही सेकंद गुणगुण ऐकू येते. आवाज नसेल तर आधी फ्यूज व रिले पाहावा.

एवढे सर्व ठीक निघाले तरच जास्त दाबाकडे वळावे आणि तेथे स्कॅनर लागतोच. नव्या गाड्या कॉमन रेलच्या. ही पद्धत मोटारींत १९९७ साली आली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, त्या पिढीच्या पिकअप याच पद्धतीच्या आहेत. रेलचा दाब कमी पडला की इंजिनचा कॉम्प्युटर पी ००८७ हा कोड नोंदवतो. लक्षात घ्या, हा कोड 'दाब कमी' एवढेच सांगतो, 'पंप बदला' असे सांगत नाही. तुंबलेल्या फिल्टरानेही हाच कोड येतो. स्कॅनरवर मागितलेला दाब व मिळालेला दाब शेजारी शेजारी पाहावा, तोही गाडी लोडवर असताना. मग नोझलच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून इंजिन सावकाश चालवावे. एकच बाटली भराभर भरली तर ते नोझल झिजले आहे व दाब तेथून निसटतो आहे. ही परीक्षा केल्याशिवाय पंप उतरवू देऊ नका.

आता सर्वांत महत्त्वाचे. जुन्या ट्रॅक्टरवर आपण सर्वांनी हवा काढताना नोझलचा नट ढिला करून स्टार्टर मारला आहे. कॉमन रेलच्या गाडीवर हे कदापि करू नये. आपल्या सहवीजनिर्मितीच्या बॉयलरसारख्या बॉयलरांचा दाब ६७, ८७, फार तर ११० किलो असतो आणि त्या वाफेच्या पाइपाजवळ कोणी पाना घेऊन जात नाही. या पिकअपच्या रेलमध्ये पूर्ण लोडवर १,६०० बारच्या आसपास, म्हणजे दहापटीहून जास्त दाब असतो. त्या फटीतून निघालेली डिझेलची चिळकांडी हातमोजा व कातडी भेदून आत जाते. वर फक्त टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला दुखतही नाही, पण आतले मांस कुजत जाते आणि बोट किंवा हात काढावा लागू शकतो. असे झाले तर हळद लावून घरी बसू नका. तासाभराचाही विलंब न करता मोठ्या दवाखान्यात जा आणि 'दाबाने डिझेल आत गेले आहे' हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा, बोट नव्हे.

फिल्टर बदलताना नव्या फिल्टरात वरून कॅनमधले डिझेल ओतण्याचीही जुनी सवय आहे. पंपातल्या फटी दोन-तीन मायक्रॉनच्या, म्हणजे केसाच्या जाडीच्या वीस भागांतला एक भाग. ओतलेले डिझेल गाळल्याविना थेट त्या फटीत जाते. फिल्टर कोरडाच बसवावा आणि हाताचा प्रायमर कडक होईपर्यंत दाबत राहावे. प्रायमर कितीही दाबला तरी मऊच राहिला, तर हवा अजून शिरते आहे. पुन्हा नळ्यांकडे वळा.